अलगूज घेताना

मंडळी, पन्नास-शंभर रुपयांत खरा सूर मिळतो का, हा प्रश्न गेले दोन महिने माझ्या डोक्यात होता. उत्तर मिळालं आहे आणि ते 'हो' असं आहे. पण त्या 'हो'ला चार-पाच अटी आहेत. त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं. आयुष्यभर मुलांना मुद्दे काढून द्यायची सवय, ती निवृत्तीनंतरही जात नाही!

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपण सरसकट बासरी म्हणतो, पण यात दोन जाती आहेत. आडवी धरून ओठांनी फुंकायची ती बासरी किंवा मुरली. तोंडात टोक धरून, शिट्टीसारखी सरळ फुंकायची ते अलगूज. कोणी त्यालाच पावाही म्हणतात. अलगुजाच्या तोंडाशी लाकडाचा बूच असतो, त्याच्या शेजारून हवेला एक चिंचोळी वाट ठेवलेली असते आणि पुढे एक खिडकी असते. हवा त्या खिडकीच्या धारेवर आपटते आणि सूर उमटतो. आडव्या बासरीत हेच काम ओठांना करावं लागतं, आणि ते साधायला काहींना आठवडे लागतात. माझे पुढचे दात आता माझे राहिलेले नाहीत, त्यामुळे निवड सोपी होती.

आयर्लंडच्या लोकसंगीतात जी टिनची शिट्टी वाजते, ती आपल्या अलगुजाची सख्खी चुलत बहीण. रॉबर्ट क्लार्क नावाच्या एका इंग्रजाने १८४० च्या दशकात टिनच्या पत्र्याची नळी वळवून, त्यात लाकडाचा बूच ठोकून ती विकायला सुरुवात केली. सहा भोकं आणि किंमत कष्टकऱ्याच्या खिशाला परवडणारी. स्वस्त होती म्हणूनच ती घरोघरी पोचली. आपल्याकडे पत्र्याचं काम बांबूने केलं, एवढाच फरक.

आपल्या सातपुड्यात तर फुंकवाद्यांचा संसारच आहे. होळीच्या आधी चोपडा, यावल, शिरपूर, धडगाव या बाजूला भोंगऱ्या बाजार भरतात, तिथे ढोलाबरोबर बासरी असतेच. साक्री-नवापूरकडच्या कोकणा लोकांची पावरी वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून केलेली. ती वाजू लागली की पाय आपोआप हलतात. यातलं काहीही महाग नाही. रानात जे उगवलं त्याचं वाद्य झालं.

आता मला या वयात अलगूज कशाला हवं होतं, ते सांगतो.

माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याला तिच्या मुलाकडे असते. वय ८२. मागच्या दिवाळीनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळ्यांनी उत्तर देते. पण 'पाणी' म्हणायला जाते आणि भलताच आवाज निघतो, मग चिडून भिंतीकडे तोंड करून पडते. आमच्या घरात सगळ्यात बोलकी बाई ही! अहिराणीत भांडायला लागली की गल्ली ऐकायला उभी राहायची.

जळगाव-धुळे एसटीने मी दर पंधरा दिवसांनी जातो. एरंडोल, पारोळा करत अर्ध्या तिकिटात गाडी पोचवते. फाल्गुनातल्या एका खेपेला दुपारी ती डोळे मिटून पडली होती आणि गुणगुणत होती. चाल मी लगेच ओळखली. अखाजीला गौराईपुढे, झोक्यावर म्हणायचं गाणं. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पूर्वजांच्या नावाने घागर भरतात, सालदाराचं साल याच दिवशी ठरतं. आणि दिवसभर गाणी.

गुणगुणताना मधेच तिच्या तोंडून एक अख्खा शब्द स्वच्छ निघाला. मग गाडी अडली.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, गाण्यात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. त्यामुळे बोलणं गेलेला माणूस कधी कधी गाणं शब्दांसकट म्हणू शकतो. अमेरिकेत १९७३ साली यावर आधारलेली एक उपचारपद्धतीही मांडली गेली, साधी वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची. "पण सर, गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असं समजू नका," असंही त्यांनी बजावलं. ते मी वहीत लिहून घेतलं, कारण आशा फार लबाड असते.

भाच्याने मोबाइलवर अखाजीची गाणी लावून पाहिली. अक्का ऐकायची, पण गळा लावायची नाही. पट्टी फार वरची होती. तरुण गायिकेच्या पट्टीत ८२ वर्षांची बाई कशी पोचणार? शेवटी शेजारच्या भजनी मंडळाची पेटी आणली आणि ती गुणगुणत असताना हळूच एकेक पट्टी दाबत गेलो. तिचा 'सा' पांढरी पाचवर सापडला. पेटी परत द्यायची होती, आणि बिछान्याशेजारी बसून वाजवायला ती सोयीचीही नव्हती. म्हणून अलगूज.

आता खरेदीचं. पहिली गोष्ट पट्टीची, आणि इथेच पुष्कळांचा गोंधळ उडतो. सहाही भोकं बंद केल्यावर जो सूर निघतो त्याला 'सा' धरलं की भोकं एकेक करून उघडत जायचं आणि सा रे ग म प ध नी सरळ वाजतं. टिनच्या शिट्टीची पट्टी याच सुरावरून सांगतात. पण आपले बासरीवाले वरची तीन भोकं बंद ठेवून 'सा' धरतात, म्हणजे 'सा'च्या खालीही पंचमापर्यंत उतरता येतं. त्यामुळे सुमारे एक फुटाची तीच नळी एकाच्या हिशोबाने पांढरी दोनची आणि दुसऱ्याच्या हिशोबाने पांढरी पाचची! दुकानदाराने कुठलाही आकडा सांगितला तरी विचारायचं, "किती भोकं बंद करून?" अक्काचं गाणं 'सा'च्या खाली उतरून परत वर येतं, म्हणून मला दुसरा हिशोब लागू होता. एक फुटाची नळी घ्यायची हे घरीच ठरलं. तिच्या गळ्यापेक्षा सूर कितीतरी वरच्या सप्तकात निघतो, पण त्याने बिघडत नाही, सप्तक बदललं तरी 'सा' तो 'सा'च.

लांबीचं गणित सरळ आहे. नळी लांब तितका सूर खाली. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी खर्जासाठी हातभर लांबीच्या मोठ्या बासऱ्या घडवल्या आणि बासरीला शास्त्रीय संगीताच्या बैठकीत मानाची जागा मिळवून दिली. पण त्या बासरीची भोकं झाकायला बोटं फाकावी लागतात. माझी बोटं खडू धरून धरून आखडलेली. नवशिक्याने आणि म्हाताऱ्याने फूट-दीड फुटाच्या पलीकडे जाऊ नये.

चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते. तिथे खांद्यावरच्या काठीला शे-दोनशे बासऱ्या खोचलेला एक जण भेटला. माल पिलीभीतचा म्हणाला. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांचंच गाव, बांबू तिकडे आसामातल्या सिलचरकडून येतो. २०१८ साली तिथल्या सरकारने 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना आणली, तेव्हा पिलीभीतच्या नावापुढे बासरीच लिहिली गेली.

"बजाके देखो बाबूजी," तो म्हणाला. मी एकेक करून अकरा अलगुजं तपासली. माझी पद्धत अशी. आधी नळीतून आकाशाकडे पाहायचं, आत गाठीचा पडदा नीट काढलाय की नाही, भेग आहे का. मग सहाही भोकं बंद करून अगदी हळू फुंकायचं. खालचा सूर थरथरला किंवा उमटलाच नाही तर नळी ठेवून द्यायची. मग त्याच बोटांवर जोराने फुंकायचं, सूर बरोबर एक सप्तक वर उडी मारतो. तो वरचा सूर खालच्याशी जुळला पाहिजे. बहुतेक स्वस्त नळ्या इथे नापास होतात. अकरांपैकी नऊ झाल्या. उरलेल्या दोन भाच्याने मोबाइलवरच्या सूर मोजायच्या यंत्राने तपासल्या आणि एक पास झाली. किंमत साठ रुपये. विकणाऱ्याच्या हातातली, ज्यावर तो सिनेमाची गाणी वाजवत होता, तीही मागून पाहिली. तो नुसता हसला. ती विकायची नसते!

एक खान्देशी सूचना. तपासणी सकाळी सावलीत करा. हवा तापली की सूर चढतो. २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तर एका पट्टीपासून पुढच्या पट्टीच्या अंतरापैकी निम्म्याहून थोडा जास्त. आमचा वैशाख ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी बारा वाजता सुरात सापडलेली नळी पौषात उतरलेली वाटेल. याच उन्हाने बांबू तडकतो. दोन्ही टोकांना दोरा गुंडाळलेला असावा, आणि अधूनमधून आतून-बाहेरून मोहरीच्या तेलाचा हात द्यावा, पण बुचाच्या वाटेत तेल जाऊ देऊ नये. वाजवताना तिथे थुंकी साचली तर खिडकीवर बोट ठेवून जोराने एक फुंकर मारायची. तडकण्याची कटकटच नको असेल तर पीव्हीसीची नळी. पाइपांसाठी नाव असलेल्या जळगावात तिला काय तोटा! तिचा आवाज थोडा कोरा वाटतो, पण सूर टिकतो.

अखाजीच्या दिवशी मी धुळ्यात होतो. अक्काला उशीला टेकवून बसवलं. मी गाण्याची पहिली ओळ वाजवली, पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा तिने गळा लावला आणि दोन ओळी, अख्ख्या दोन ओळी, शब्दांसकट म्हटल्या. सून दारात उभी राहून रडत होती. गाणं संपल्यावर अक्काला काहीतरी सांगायचं होतं. ते आलं नाही. बराच वेळ धडपडली, मग डाव्या हाताने माझ्या हातातलं अलगूज धरून हलवलं. मी पुन्हा वाजवायला लागलो. तिला तेच हवं होतं की दुसरं काही, हे मला आजही माहीत नाही.

आता ती रोज संध्याकाळी म्हणते. दोनाच्या चार ओळी झाल्या आहेत. 'पाणी' अजून आलेलं नाही. भाचा अलगूज शिकतो आहे, कारण मी काही रोज तिथे नसतो.

यातून एक गोष्ट मनात राहिली. आपण अहिराणी गाण्यांचे शब्द गोळा केले, छापले, शाळेच्या हस्तलिखितांत मुलांकडून लिहवून घेतले. चाल मात्र कागदावर फार थोड्यांची उतरली. ती म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात राहिली आणि त्यांच्याबरोबर जाते आहे. तुमच्या घरात अशी कोणी असेल तर तिला बोलता येतंय तोवर गाऊ द्या, मोबाइलवर उतरवून घ्या, आणि वहीत गाण्याच्या नावापुढे तिची पट्टीही लिहा. मी आमच्या वहीत लिहिली आहे: गौराईचं गाणं, पांढरी पाच, तीन भोकं बंद.