किती आहे, ते सांग

मी काय शिकते हे आमच्या घरात सांगणं सोपं नाही. बी.एस्सी. म्हटलं की फुफी विचारते, "म्हणजे नर्स होणार?" केमिस्ट्री म्हटलं की मामू विचारतात, "मेडिकल दुकान टाकणार का?" ॲनालिटिकल केमिस्ट्री म्हटलं की कोणी काहीच विचारत नाही, चहा पितात. शेवटी अब्बांनीच एकदा पाहुण्यांना सांगून टाकलं, "मालात काय काय आहे आणि किती किती आहे, ते काढायला शिकते." पुस्तकातली व्याख्या याहून लांब आहे, पण वेगळी नाही.

अब्बांना हे चटकन कळलं, कारण आमचा धंदा भंगारचा. निघोजे हे पूर्वी शेतीचं गाव. आता चाकण एमआयडीसीच्या हद्दीत आहे, महिंद्राचा गाड्यांचा मोठा कारखाना इथेच आहे आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी, प्लेटिंग करणारी, पत्रा कापणारी असंख्य लहान युनिटं. पत्र्याचे तुकडे, लेथचा चुरा, तुटलेले पाइप असा त्यांतला काही माल आमच्या शेडमध्ये येतो. अब्बांच्या खिशात कायम एक लोहचुंबक असतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पुढची तपासणी. ग्राइंडरवर धरून ठिणगीचा रंग आणि लांबी बघायची, हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा. यालाच कॉलेजात गुणात्मक विश्लेषण म्हणतात हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते हसले.

त्यांच्याही आधी माझे दादा कल्हई करायचे. तांब्या-पितळेची भांडी तापवायची, त्यावर नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथिलाची कांडी टेकवून कापसाने फिरवायची. कल्हई हा शब्द अरबीतून आलेला, मूळ अर्थ कथिल. नवसागर म्हणजे उर्दूतलं नौसादर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड. ते तापलं की त्यातून सुटणारं आम्ल भांड्यावरचा काळा थर खातं, म्हणून कथिल धरतं. इसवी सन 925च्या सुमारास वारलेले हकीम राझी यांनी 'किताब अल-असरार'मध्ये प्रयोगशाळेतली भांडी आणि पदार्थ वर्गवारीने लिहून ठेवले, त्यात हे नौशादर आहे. आणि दुसऱ्या वर्षी पाण्याची कठीणता काढायला आम्ही जे बफर बनवलं, त्यातही तेच होतं. बाटलीवर अमोनियम क्लोराइड लिहिलेलं होतं, पण आमच्या घरात त्याला आजही नवसागरच म्हणतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय मला फिजिकल केमिस्ट्रीबरोबर एका पेपरात होता, शिवाय प्रॅक्टिकल. मी निघोजेहून कुरुळी फाटा, मग पुणे-नाशिक रस्ता, इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशी आणि पुढे भोसरीच्या बाजूला जाते. ट्रॅफिकचं काय सांगावं! पण प्रॅक्टिकलच्या दिवशी उशीर चालत नाही, कारण त्या दिवशी तराजूसाठी रांग असते.

तो तराजू बघण्यासारखा आहे. काचेच्या पेटीत असतो आणि ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवतो. पेटीचं दार उघडं राहिलं तर पंख्याच्या वाऱ्याने आकडा हलतो. त्यावर कॉस्टिक सोड्याचे दाणे ठेवले की आकडा स्थिर राहतच नाही, वाढत जातो, कारण ते दाणे हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून सोड्याचं द्रावण वजनावर विश्वासून करत नाहीत. आधी ऑक्झॅलिक ॲसिडचं पक्कं द्रावण करायचं, एका लिटरला 6.3 ग्रॅम म्हणजे 0.1 नॉर्मल, आणि त्याच्याशी सोडा ताडून बघायचा. कोणत्या पदार्थाच्या वजनावर भरवसा ठेवावा आणि कोणत्या नाही, हे मला सूत्रांपेक्षा जास्त आवडलं.

ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी काचेची नळी, खाली तोटी. ब्युरेट आणि पिपेट ही नावं फ्रान्सच्या गे-ल्युसाकने 1824मध्ये वापरात आणली. डोळा पाण्याच्या पातळीसमोर आणून खालच्या वळणावर वाचायचं. खाली फ्लास्कमध्ये पाण्याचा नमुना, त्यात बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. रंग वाइन-रेड होतो असं पुस्तक सांगतं. आमच्या घरी वाइन कोणी पाहिलेली नाही, मी जांभळाच्या सरबताचा रंग असं लक्षात ठेवलं. वरून ईडीटीएचे थेंब सोडत गेलं की एका थेंबाला ते सरबत निळं होतं. त्या थेंबासाठी तोटीवरचा हात शिकवावा लागतो.

आता एक गोष्ट लिहिते, जी सायन्सला गेलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. जर्नलमध्ये निरीक्षणाचा तक्ता असतो: पायलट रीडिंग, मग एक, दोन, तीन, आणि शेवटी सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीनदा तेच यावं यासाठी पुन्हा पुन्हा करायचं, असा त्याचा अर्थ. पण पुष्कळ टेबलांवर काय होतं? पहिलं रीडिंग खरं असतं, पुढची दोन त्याचीच नक्कल. किंवा शेजारच्या ग्रुपचं उत्तर विचारून उलटा हिशेब. मुलं वाईट नसतात. वेळ कमी असतो, ब्युरेट मोजक्या असतात, आणि मार्क उत्तर जुळण्यावर मिळतात. आमच्या मॅडम मात्र जर्नल बघताना तीन सारखी रीडिंगं दिसली की विचारायच्या, "मधलं जे वेगळं आलं होतं, ते कुठे गेलं?" 9.8, 9.6, 9.6 असं दिसलं तर काही विचारायच्या नाहीत.

मी घरच्या बोअरचं पाणी नेलं होतं. पंप काही मिनिटं चालू ठेवला, बाटली त्याच पाण्याने विसळली, मग भरली. 50 मिली पाण्याला 0.01 मोलर ईडीटीए 23.4 मिली लागलं. प्रत्येक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे लिटरला 468 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500मध्ये, 200 ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. अम्मी म्हणाली, "ये तो मैं भी बता देती, दाल गलती नहीं." खरंच आहे. कठीण पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

पण आकडा कळल्यावर गल्लीतल्या खाला विचारायला लागल्या, "म्हणजे पाणी चांगलं आहे ना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ईडीटीए फक्त कठीणता सांगतं. जंतू आहेत का, नायट्रेट किती, प्लेटिंगच्या युनिटांतून येऊ शकणारं क्रोमियम आहे का, हे ते सांगत नाही. क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम, त्याला वेगळी तपासणी लागते. जंतूंसाठी तर नमुनाही निर्जंतुक बाटलीत वेगळा घ्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात, ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवता येतो. मी खालांना तेच सांगितलं. त्यांना ते उत्तर फारसं आवडलं नाही. मुलगी कॉलेजात जाते तर एकदाचं हो किंवा नाही सांगावं, असं त्यांचं म्हणणं.

मग स्टीलचा तो लॉट आला. पत्र्याचे तुकडे आणि पाइप, सगळं स्टेनलेस. अब्बांनी 304च्या भावाने घेतलं होतं. पुढच्या मोठ्या व्यापाऱ्याने बघितलं आणि म्हणाला, हा दोनशेचा माल आहे, भाव निम्म्याच्या आसपास. 304मध्ये निकेल सुमारे आठ टक्के असतं, दोनशेच्या मालात त्याहून बरंच कमी, त्याची जागा मँगनीज घेतं. भावातला फरक त्या निकेलचा. चुंबक सहसा दोन्हींना चिकटत नाही, म्हणजे अब्बांच्या खिशातली विद्या इथे संपली.

त्या महिन्यात घरात दुसरीही चर्चा चालू होती. काकांचं मत होतं की दोन वर्षं पुरे, तिसऱ्या वर्षाची फी आणि रोजचा प्रवास कशाला, स्थळंही येत आहेत. लॉटमध्ये पैसे अडकल्यावर त्यांच्या बोलण्याला जोर आला.

मी मॅडमना विचारून एक तुकडा लॅबमध्ये नेला. थोडा किस आम्लात विरघळवला, लोखंड आड येऊ नये म्हणून टार्टरिक ॲसिड, मग अमोनिया, मग डायमिथाइलग्लायऑक्झाइम. सुंदर गुलाबासारखा लाल रंग आला. मी धावतच घरी आले. अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोनशेवाल्यात पण निकल असतं ना?"

"असतं. कमी असतं."

"फिर निकल है के नहीं, वो नको. कितना है, वो बोल."

किती, ते त्या लाल रंगावरून सांगता येत नव्हतं. ते काढायची रीत तिसऱ्या वर्षाला आहे. मी तसंच सांगितलं, आणि भोसरीत पैसे देऊन मशीनवर धातू तपासून देणाऱ्या लॅब आहेत तिथे द्या म्हटलं. पण तुकडा कोणता द्यायचा? व्यापारी त्याला हवा तो उचलणार, आपण आपल्याला हवा तो. मी म्हटलं, ढिगाच्या वरचा, मधला, तळाचा, पत्रा वेगळा, पाइप वेगळा, असे पाच घ्या. अब्बा म्हणाले, गोणी घेताना मी नेहमी तळात हात घालतो, हे तेच झालं.

पाच रिपोर्ट आले. चार 304चे. पाचवा, पाइपचा, दोनशेचा.

काका म्हणाले, चार दाखवा, पाचवा ठेवून द्या. हिशेबाने बघितलं तर सल्ला फायद्याचा होता, आणि घरावर कर्ज होतं. मला मॅडमचा तो प्रश्न आठवला, पण मोठ्यांच्या बोलण्यात मी पडले नाही. दादी पलंगावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फक्त सूरह मुतफ्फिफीनचं नाव घेतलं. माप कमी देणाऱ्यांबद्दलची ती सूरह आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. काका गप्प झाले.

अब्बांनी पाचही कागद व्यापाऱ्यासमोर ठेवले. पत्रा आणि पाइप वेगळे करायला दोन दिवस गेले. पत्र्याला 304चा भाव मिळाला, पाइपला दोनशेचा. पाइपांत नुकसान झालंच. व्यापारी पुढच्या वेळी जास्त विश्वासाने वागला का, तर नाही, तो आजही तेवढीच घासाघीस करतो.

तिसऱ्या वर्षाचा फॉर्म अब्बांनी मला न विचारता भरला. काकांनी अजून मत बदललेलं नाही, ईदला पुन्हा विषय निघेल. या वर्षी निकेल वजनावर काढायचं आहे. तोच लाल साका गाळायचा, धुवायचा, 110 ते 120 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा. त्याच्या वजनात 20.32 टक्के निकेल असतं, त्यावरून तुकड्यातलं निकेल निघतं. अब्बांनी त्या पाचव्या पाइपचा एक तुकडा चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आहे. रिपोर्टवरचा आकडा मला सांगायला ते तयार नाहीत. म्हणतात, आधी तू काढ, मग कागद दाखवतो.