गाय आणि वासरू यांच्यामध्ये

'गरीब गाय' हे दोन शब्द आपण इतक्या सहज जोडून वापरतो की, पहिला शब्द दुसऱ्याला जन्मतःच चिकटून आला असावा असे वाटते. मलाही अडुसष्ट वर्षे तसेच वाटत होते. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या एका कुरणात, उताणे पडून मोटारीच्या पोटाखालचे नट-बोल्ट जवळून पाहण्याचा योग आला, तेव्हा माझे मत बदलले.

त्याचे असे झाले. माझी मुलगी आणि जावई लिंकन येथे राहतात. जावई तिथल्या विद्यापीठात गुरांच्या रोगांवर काम करतो. आमच्या मुक्कामात पाहण्यासारखे सारे पाहून झाल्यावर एक दिवस तो म्हणाला, "बाबा, तुम्हांला काही वेगळं बघायचं असेल तर सँडहिल्सला चला. सध्या तिकडे गाई विण्याचा हंगाम आहे." हिने "मला थंडी सोसत नाही, तुम्हीच जा" म्हणून अंग काढून घेतले. माझ्या संसारातले शहाणपणाचे निर्णय बहुधा असेच तिच्याकडून झालेले आहेत.

लिंकनहून ग्रँड आयलंडपर्यंत हमरस्ता आणि तेथून वायव्येकडे जाणारा दोन नंबरचा रस्ता. शेजारून रुळांवर कोळशाच्या गाड्या चाललेल्या. डबे मोजायला घेतले की शंभराच्या पुढे जिभेला कंटाळा येतो. ब्रोकन बो गाव मागे पडले आणि शेते संपली, झाडे विरळ झाली, टेकड्या सुरू झाल्या. या टेकड्या वाळूच्या आहेत. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर वाळू, वाऱ्याने रचलेली आणि वरून गवताची साय धरलेली. नांगर घातला की साय फाटते आणि वाळू उडू लागते. म्हणून येथे गवत आणि गुरे हाच मुख्य धंदा. थेडफर्ड ओलांडून मलनकडे जाताना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. मलनहून उत्तरेला वळलो की चेरी काउंटी लागते. तिचा विस्तार जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढा आणि वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास! गणपतीत आमच्या चौकात एका संध्याकाळी याहून जास्त माणसे पायांवर पाय देऊन जातात.

रँचचे मालक गुडघ्याचे ऑपरेशन होऊन घरात बसले होते. सारा कारभार त्यांच्या बाई पाहत होत्या. वय बहात्तर, अंगात जाड कोट, खिशात एक लहानशी वही. त्यांच्या तीनशे गाई अँगस जातीच्या. काळ्याभोर, बिनशिंगांच्या, साडेपाचशे-सहाशे किलो वजनाच्या. ही गुरे दुधासाठी पाळत नाहीत, मांसासाठी पाळतात. हे मला जावयाने आधीच सांगितले होते आणि बाईंनाही माझ्या जेवणाविषयी कळवले होते. त्यांनी चार दिवस मला उसळीसारखे शिजवलेले घेवडे आणि पाव प्रेमाने वाढले. हा विषय आम्ही दोघांनीही पानावर काढला नाही.

आमच्या वाईच्या घरी तांबू नावाची गाय होती. ती व्याली की आई आम्हां मुलांना गोठ्याबाहेर हाकलायची. "आज ती आपली नाही, तिच्या वासराची आहे," असे म्हणायची. आमचे सारे लक्ष खरवसाकडे, त्यामुळे या वाक्याचा अर्थ लावण्याची गरज कधी भासली नाही. शिवाय तांबूच्या गळ्यात दावे होते. येथे तीनशे गाई आणि दावे एकीच्याही गळ्यात नाही.

पहिल्या वेताच्या कालवडी घराजवळच्या वाड्यात ठेवतात आणि रात्री दर दोन-तीन तासांनी कंदील, म्हणजे आता विजेरी, घेऊन कोणीतरी फेरी मारतो. जुन्या गाई उघड्या कुरणातच वितात. विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००० सालच्या सुमारास एक पद्धत बसवली आहे. व्यालेल्या गाई वासरांसह आहेत तिथेच राहू द्यायच्या आणि गाभण असतील त्यांना दर आठवड्याला नव्या कुरणात न्यायचे. त्यामुळे थोरल्या वासरांची हगवण नुकत्याच जन्मलेल्यांना लागत नाही. येथे चीकही सगळा वासरालाच. पहिल्या काही तासांत तो पोटात गेला नाही तर रोगाशी झुंजण्याचे बळ वासराला मिळत नाही. खरवसाची गोष्ट मी काढली तेव्हा बाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

वासरू जन्मले की पहिल्या दिवसातच त्याच्या कानात बिल्ला मारतात. आईचा जो आकडा तोच त्याचा. दुसऱ्या दिवशी ते पळू लागते आणि हाती लागत नाही. म्हणजे जी घटका आईला सर्वांत नाजूक, नेमकी तीच माणसाने मध्ये पडण्याची. बाईंची रीत मी दोन दिवस पाहिली. पिकअप गाडी वासराच्या अगदी लगत उभी करायची, दार आपल्या बाजूला. वासरू आपण आणि गाय यांच्यामध्ये राहील असे धरायचे. आपण त्या दोघांच्या मध्ये कधीही जायचे नाही. गाय धावून आली तरी वासरापाशी थांबून ते हुंगते, आणि तेवढी दोन पळे गाडीत शिरायला पुरतात. तिच्याकडे पाठ करायची नाही, पळायचे नाही, तोंड तिच्याकडे ठेवून मागे सरायचे. पडलोच तर गाडीखाली किंवा कुंपणाखालून लोळत जायचे. "मान वर आणि कान पुढे, म्हणजे ती विचार करते आहे," बाई म्हणाल्या. "मान खाली, फुसफुस आणि पायानं माती उकरणं, म्हणजे विचार संपला." आणि कुत्रा गाडीतून खाली उतरता कामा नये. गाईच्या लेखी कुत्रा म्हणजे कायोटी, आपल्या कोल्ह्याचा तिकडचा थोरला भाऊ.

कायोटीवरून मी विचारले, "मग अशा रागीट गाई ठेवता कशाला?" बाई हसल्या. जिला मुळीच राग येत नाही ती वासरू कायोटीच्या तोंडी देते, आणि जिला फार येतो ती एखाद दिवशी मालकाची बरगडी मोडते. हवी असते ती या दोहोंच्या मधली. तिचा शोध त्या वहीत चाललेला असतो. आकडा, तारीख, नर की मादी, आणि शेवटच्या रकान्यात स्वभाव. मला वाटते, मुलींची स्थळे पाहताना आमच्या आत्याबाई अशीच वही ठेवीत.

तिसऱ्या सकाळी बाई कुरणाचे फाटक पाहायला पन्नास पावले गेल्या. मी गाडीतच बसायचे होते. शेजारी कुत्रा. खिडकीतून दिसले की गवतात एक वासरू मान टाकून निपचित पडले आहे आणि आसपास गाय नाही. माझ्या मनात काय आले असेल हे कोणाही मराठी माणसाला सांगायला नको. मेले की काय, की आईने टाकले? खाली उतरलो. दार उघडेच राहिले.

गाय चरायला जाताना वासराला गवतात दडवून जाते आणि ते शहाणे पोर हालत नाही, हे मला नंतर कळले. मी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते हंबरले. टेकडीच्या माथ्यावर एक काळे डोके उगवले आणि सरळ खाली आले.

पळायचे नाही हे मला आठवले. खोटे कशाला सांगू, पळण्याइतके पायांत त्राणही नव्हते. मी एक-एक पाऊल मागे सरू लागलो. ती कदाचित वासरापाशी थांबलीही असती. पण उघड्या दारातून कुत्रा उतरून माझ्या मागे आला होता. तो दिसताच ती त्याच्यावर वळली, आणि संकटात कुत्रा जे करतो तेच त्याने केले. तो धन्याच्या आसऱ्याला, म्हणजे माझ्याकडे, धावला. मागोमाग सहाशे किलो. कमरेवर धडक बसली, आकाश फिरले, चष्मा गेला. कसा लोळलो ते ठाऊक नाही, पण गाडीखाली होतो. चाकाशेजारी तिचे ओले नाक आले, आणि तिच्या उच्छ्वासाची ऊब माझ्या गालाला लागली.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. लांबून वळसा घालून त्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला आल्या, शीळ घालून कुत्रा आत घेतला आणि दार लावले. कुत्रा दिसेनासा झाला तशी गाय वळली. वासराला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटले आणि त्याला पुढे घालून सावकाश टेकडीआड गेली. जणू मी तेथे नव्हतोच.

हाड मोडले नव्हते. कंबर मात्र काळीनिळी झाली. रात्री जावयाने अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याचा २००९ सालचा अहवाल दाखवला. नेब्रास्का, आयोवा, कान्सास आणि मिसुरी या चार राज्यांत २००३ ते २००८ या काळात गुरांमुळे २१ माणसे दगावली. १० एकट्या वळूने मारली, ६ एकट्या गाईने, आणि ५ अनेक जनावरांनी मिळून. ६ या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाईंनी वही उघडली आणि गाईच्या आकड्यासमोर फुली मारली. ही फुली म्हणजे शरदात विक्री, आणि विक्री कुठे ते सांगायला नको. मी जावयाकडून सांगवले, "चूक माझी आहे. दार मी उघडं टाकलं." बाई थोडा वेळ गप्प बसल्या. "कुत्रा नसता तर ती वासरापाशी थांबली असती का?" "थांबली असती," मी म्हणालो. मला काय ठाऊक होते? पण तांबूची शपथ घ्यायचीही माझी तयारी होती. बाईंनी फुली खोडली नाही. तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढले.

त्या वर्षी वसुबारसेच्या सकाळी मुलीचा फोन आला. मी आधी गाईचीच चौकशी केली. बाईंनी तिला ठेवली होती. पुन्हा एकदाही कोणावर धावली नाही म्हणे. वासरू नर होते. ऑक्टोबरात त्याला आईपासून तोडले आणि बाकीच्यांबरोबर ट्रकमध्ये चढवले. गाई तीन दिवस कुंपणाशी उभ्या राहून हंबरत होत्या आणि मग चरायला गेल्या.

हिने पाटावर मातीची गाय आणि तिला बिलगलेले वासरू मांडले होते. हळदकुंकवाचे तबक पलीकडे राहिले होते. "ते जरा द्या इकडे," ती म्हणाली. मी उठलो आणि पाटाला मोठा वळसा घालून, गाईच्या समोरून तबक घेतले.

"हे काय?" हिने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, "वासरू तिच्या बाजूला आहे."