मुशीत गेलेले अस्सल

लग्नसराईच्या दिवसांत वेसाव्याच्या कोळीवाड्यातील एखाद्या मांडवाबाहेर घटकाभर उभे राहिले, म्हणजे म्हाताऱ्या आजीपासून नुकत्याच लुगडे नेसू लागलेल्या नातीपर्यंत एकेका घडणीच्या इतक्या आवृत्त्या डोळ्यांसमोरून जातात की, यांतली मूळ कोणती आणि नक्कल कोणती हा प्रश्न मनात आला तरी तो मोठ्याने विचारण्याचे धारिष्ट होत नाही. सासूच्या पाटलीसारखी सुनेची पाटली, मावशीच्या हारासारखा भाचीचा हार. आणि या सादृश्याचा कोणालाही संकोच नाही, उलट अभिमानच आहे. त्याच वेसाव्यापासून हाकेच्या अंतरावर, यारी रोडच्या बाजूला, चित्रपट आणि मालिकांच्या व्यवसायातली माणसे राहतात. त्यांच्यात मात्र ‘हे माझे, ते त्याने माझ्यावरून उचलले’ अशा फिर्यादींना कधी खंड पडत नाही. दोन्ही वस्त्यांमधून नित्य जा-ये करणाऱ्या माझ्यासारख्याला या तफावतीचा विचार करणे भाग पडते.

मध्यंतरी एका सराफी पेढीच्या जाहिरातीत ठुशीचे चित्र पाहिले. खाली ठळक अक्षरांत ‘आमची खास रचना’ असे छापले होते. ठुशी ही कोणाची खास रचना असू शकते, ही कल्पना मला प्रथम हास्यास्पद वाटली. पुढे वाटले की, त्या जाहिरातदाराचा अपराध उद्दामपणाचा असण्यापेक्षा विस्मरणाचा असावा. दागिन्याचे जगणे चित्रासारखे किंवा मूर्तीसारखे नसते, हे तो विसरला होता. अजिंठ्याचे चित्र भिंतीवर राहते, वेरूळचा कैलास डोंगरात राहतो. मागाहून येणाऱ्याने त्यांचे अनुकरण केले, तरी अस्सल जागच्या जागी उभे असते आणि नकलेला त्याच्याशी ताडून पाहता येते. सोन्याचे तसे नाही. मुलीच्या लग्नासाठी, होडीच्या डागडुजीसाठी, कर्जाच्या फेडीसाठी, किंवा नुसती हौस पालटली म्हणूनही, आजीची मोहनमाळ मोडीत घातली जाते, सोनाराच्या मुशीत तिचा रस होतो आणि त्या रसातून नातीच्या अंगावरचे काही तरी निघते. ज्या पहिल्या कारागिराने पहिली ठुशी ओवली, तिचे सोने आज कोणाच्या अंगठीत वा कोणत्या बँकेच्या तिजोरीत आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ठुशी मात्र शिल्लक आहे, ती केवळ पिढ्यानुपिढ्या तिची नक्कल होत गेली म्हणून. या कलेत अस्सल मुशीत जाते आणि नकलेच्या आश्रयाने घडण जिवंत राहते.

पुतळ्यांच्या माळेचेच पाहा. मराठी घराण्यातला हा मानाचा, देवघरात पुजण्याच्या योग्यतेचा डाग. पण पुतळी मुळात व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे आहे. 1284 पासून 1797 मध्ये ते राज्य लयाला जाईपर्यंत ते पाडले गेले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि एका अंगावर संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वजदंड हाती घेणारा तिथला डोज, म्हणजे राज्यप्रमुख. तांबड्या समुद्राच्या वाटेने, मोखा आणि जेद्दाहच्या बाजारांतून मसाल्याची व कापडाची किंमत म्हणून हे नाणे आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागले. आमच्या लोकांना संत मार्क ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन आकृती आणि मध्ये एक काठी पाहून कोणी त्यांत राम-सीता पाहिले, नाण्याला पुतळी म्हटले, आणि अशा दैवी नाण्याची जागा थैलीत नसून गळ्यात आहे असे ठरवून त्याला कडी लावली. पुढे मूळ नाणी अपुरी पडू लागली, तेव्हा सोनारांनी त्यांचे ठसे तयार केले. त्या ठशांत लॅटिन अक्षरे वाचता न आल्यामुळे रेघोट्या झाली, आणि आकृत्या हळूहळू कोणत्याही देवाच्या होण्याइतक्या मोकळ्या झाल्या; आज पेढीवर मिळणाऱ्या पुतळीवर पुष्कळदा लक्ष्मी असते. नाणेशास्त्रज्ञ या देशी पुतळ्यांना नकली डुकाट म्हणतात, आणि त्यांच्या दफ्तरात ती नोंद यथायोग्यच आहे. परंतु ज्या नकलेने व्हेनिसच्या राज्यप्रमुखाला बेमालूम रामचंद्र केले, तिला निव्वळ नक्कल म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

नथीविषयी मी बोलू नये, कारण त्यामुळे घरात कलह होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी ग्रंथांचा धांडोळा घेऊन असे दाखवले की, इ. स. 1000 च्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात नासाभूषणाचा पत्ता लागत नाही. अजिंठ्याच्या सुंदरीही अलंकारांनी लवलेल्या असून नाकाने रित्या आहेत. जिला आपण सनातन समजतो तीही केव्हा तरी बाहेरून आली आणि एकीच्या नाकावरून दुसरीने उचलली.

आपल्या समाजाने सोन्याच्या बाबतीत लबाडी खपवून घेतली, असा मात्र याचा अर्थ नव्हे. धातूच्या खरेपणाविषयी तो नेहमीच कठोर होता. नाण्यांची पारख करणारा पोतदार हा पूर्वीच्या अमदानीतला जबाबदार अंमलदार असे, आणि कसोटीच्या दगडावरची रेघ सोनाराची अब्रू ठरवीत असे. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटांपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडवण्याची मनाई केली आणि हजारो सोनारांच्या फुंकण्या थंडावल्या. 1968 मध्ये त्या नियंत्रणाचा कायदा झाला व तो 1990 मध्ये रद्द झाला. अलीकडे 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला आहे. कसावर असा सतत पहारा, आणि घडणीवर कोणाचाच नाही. आजच्या कायद्याने नव्या रचनेची नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे तिचा मक्ता मिळतो; पण नोंदणीला रचना नवी लागते, आणि पूर्वीपासून लोकांत असलेल्या घाटाला ती मिळत नाही. तात्पर्य, मोहनमाळ ही गावच्या गायरानासारखी आहे; त्यावर सर्वांची गुरे चरतात, कोणाची मिरास नाही.

परदेशी पेढ्यांनी या गायरानात यथेच्छ चारून घेतले. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने पॅरिसच्या पेढीचे झाक कार्तिए हिंदुस्थानात आले. पुढे इथल्या अनाम कारागिरांनी पानाफुलांच्या आकारात कोरलेले पाचू आणि माणके प्लॅटिनममध्ये बसवून त्या पेढीने जगभर नाव मिळवले. आता आमच्या पेढ्या त्यांची नक्कल करतात. कोणी कोणाकडून घेतले याचा जमाखर्च मांडणारा कारकून वेडा होईल.

मालाडच्या बाजारातून येणाऱ्या खोट्या दागिन्यांचाही मला पूर्वीइतका राग येत नाही. ‘जय मल्हार’ मालिकेतील बानूची नथ गावोगाव विकली गेली ती बहुतांशी सोन्याची नव्हतीच, आणि विकत घेणारीलाही ते ठाऊक होते. ज्या नकलेची कबुली तिच्या किमतीतच दिलेली असते, तिने कोणाला फसवले? नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला जो सोन्याचा नारळ अर्पण करतात, त्यावर सोनेरी कागद असतो. दर्याने त्याविषयी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

माझी तक्रार निराळीच आहे, आणि ती सोन्याच्याच दागिन्याविषयी आहे. हाताने नक्कल करणाऱ्या सोनाराला मूळ वस्तू समजून घ्यावी लागे. मण्याच्या आत लाख किती, तार कोणत्या जाडीची, पाकळीला बाक कोठून, हे उमगल्याशिवाय दुसरी वस्तू होतच नसे, आणि उमगता उमगता त्याच्या हातून काही तरी बदलून जाई. एकवीस पानांचा कोल्हापुरी साज दहा-बारा पानांवर आला तो कोणा प्रतिभावंताच्या संकल्पाने नव्हे. गिऱ्हाइकाची ऐपत आणि सोनाराचे तारतम्य यांनी तो आणला. रबराच्या साच्यातून मेण काढून ओतलेली आजची प्रत मात्र मुळातला ओरखडादेखील इमानाने उतरवते. तिला काही समजून घ्यावे लागत नाही, म्हणून तिच्याकडून काही चुकत नाही. आणि ज्या चुकीतून डोजचा राम झाला, ती चूक करण्याचे सामर्थ्यही तिच्यात नाही.

तरीही वेसाव्याच्या बाजारातील एका सोनाराच्या फळीपाशी परवा एक बाई मोबाइलवर कोणा नटीच्या गळ्यातली ठुशी दाखवीत, ‘अशीच करा, पण मणी बारीक घ्या, सुनेचा गळा लहान आहे, आणि मागे दोरी मला माझ्या आईच्या ठुशीसारखी हवी’ असे बजावीत होती. सोनार म्हणाला, अशी केली तर ती चित्रातल्यासारखी दिसणार नाही. बाई म्हणाली, न का दिसेना, आणि घडणावळ किती घेणार ते आधी सांगा.