फासच्या गल्लीतली शाबानची मिठाई

उर्दूत आपण ज्या देशाला मराकश म्हणतो, तो मोरोक्को. तिथले फास हे शहर इदरीसी घराण्याने हिजरी दुसऱ्या शतकात वसवले. फातिमा अल-फिहरी यांच्या नावाशी जोडलेली, इ.स. ८५९ ची करवीयीन मशीद इथेच आहे. जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की सामान आजही गाढव-खेचरांवरून येते. प्रत्येक मोहल्ल्यात पाच गोष्टी असायच्याच : मशीद, मकतब, पाण्याचे कारंजे, हमाम आणि फरान. फरान म्हणजे मोहल्ल्याची भट्टी. घरी मळलेली रोटी आणि मिठाईचे ट्रे तिथे भाजायला जातात.

आमचे मेहुणे कासाब्लांकात नोकरीला आहेत. त्यांच्या ओळखीने आम्ही पती-पत्नी शाबान महिन्यात फासमधल्या एका घरी चार दिवस राहिलो. घरातल्या वयस्कर बाईंना सगळे आदराने 'हाज्जा' म्हणत. त्यांच्याकडे रमजानच्या मिठाईची तयारी चालू होती. शेजारच्या तिघी सकाळीच आल्या होत्या. आज हाज्जांचे घर, उद्या दुसरीचे, अशी पाळी. मिठाई शाबानमध्येच करून ठेवायची, म्हणजे रमजानमध्ये इबादतीला वेळ मिळतो.

पहिल्या दिवशी शबाकिया झाली. मैदा, वाटलेले तीळ, बडीशेप, दालचिनी, केशर आणि नारिंगीच्या फुलांचे पाणी घालून कणीक मळायची. चौकोनी तुकड्यावर कातणीने उभे काप द्यायचे, बोटांत गुंफून फूल करायचे, तळून लगेच मधात सोडायचे आणि वर तीळ भुरभुरायचे. इफ्तारला ही हरीऱ्यासोबत खातात. तिथला हरीरा मात्र मसूर, हरभरे आणि टोमॅटोचे तिखटमिठाचे सूप असते. आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो गोड हरीरा वेगळा. तिथे बाळंतिणीला सल्लू देतात : भाजलेले पीठ, बदाम, तीळ, लोणी आणि मध. एकाच शब्दाची दोन घरे पाहून आम्हाला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी काब-अल-गझाल. अर्थ, हरणाचा घोटा. दिसायला आपल्या करंजीची धाकटी बहीण, पण तळत नाहीत, भाजतात. हाज्जांकडून घेतलेले प्रमाण घरी करण्याजोगे आहे. पाव किलो सोललेले बदाम आणि १०० ग्रॅम साखर एकत्र वाटावी. त्यात एक चमचा लोणी, चिमूटभर दालचिनी आणि चमचाभर फुलांचे पाणी घालून मळावे. ते न मिळाल्यास गुलाबपाणी चालते. पारीसाठी पाव किलो मैदा, ५० ग्रॅम वितळलेले लोणी, एक अंडे आणि लागेल तसे पाणी. कणीक ताणली तरी तुटू नये इतकी मळून अर्धा तास झाकून ठेवावी. पारी कागदासारखी पातळ लाटावी, बोटाएवढे सारण ठेवून दुमडावी, कातणीने कापून चंद्रकोरीसारखी वाकवावी. सुईने टोचे मारावेत, नाहीतर ती फुटते. १८० अंशांवर १०-१२ मिनिटे पुरे. रंग पांढुरकाच राहायला हवा.

संध्याकाळी हाज्जांचा नातू ट्रे डोक्यावर घेऊन फरानला गेला. भट्टीवाल्याने कागद-पावती काही मागितले नाही. कोणता ट्रे कोणत्या घरचा, हे तो बघूनच ओळखतो. पण भट्टीसमोर गर्दी नव्हती. घरोघरी गॅसचे ओव्हन आले आहेत, आणि मिठाई दुकानात किलोने मिळते. हाज्जांची सून बँकेत नोकरी करते. तिने आम्हाला सरळ सांगितले, "मी विकत आणते. दिवसभर काम करून रात्री बदाम कोण सोलणार?" तिचे म्हणणे खोटे नव्हते.

आम्ही हाज्जांना विचारले, मग तुम्ही एवढा खटाटोप का करता? मेहुण्यांच्या पत्नीने प्रश्न अरबीत सांगितला. हाज्जा हसून म्हणाल्या, "मिठाई दुकानातून येईल. पण या तिघी कुठून येतील?" त्या तिघींपैकी एक विधवा आहे, एकीची मुले फ्रान्सला आहेत. वर्षभर बंद असलेल्या दारांमागची दुःखे या आठ दिवसांत बदाम सोलता सोलता बोलली जातात.

सुनेचे आणि हाज्जांचे, दोघींचे बरोबर आहे, असे आम्हाला वाटते. सगळा भार एका बाईच्या गळ्यात पडणार असेल तर विकतचे बरे. पण काम वाटून घेतले, तर ते घरीच बरे. ईदच्या करंज्या आणि शिरखुर्म्याचे बदाम-पिस्ते आपल्याकडेही पूर्वी चार घरच्या बाया मिळून करीत. येत्या शाबानमध्ये एक दिवस शेजारणींना बोलवा. बदाम सोलायला घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही बसवा. पहिल्या दोन-चार काब-अल-गझाल वाकड्या होतील. त्या तिथेच चहाबरोबर संपवाव्यात.