पेवातली हळद

माझं माहेर साताऱ्याचं नि सासर सांगलीचं. तसं पाहिलं तर एकाच घरचे दोन भाऊ. तासगाव, वाळवा हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. दोन्हीकडे कृष्णामाई आहे. पण सातारा वसलाय अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर. प्यायचं पाणी कासच्या तलावाचं. कृष्णा भेटायची ती माहुलीच्या संगमावर, सणावारी. नदी घरात शिरते हे लग्न होईपर्यंत मला फक्त वाचून माहीत.

आमचं सांगलीचं घर गावभागात. इथे पावसाळ्यात चहाच्या आधी चौकशी होते ती आयर्विन पुलाशी पाणी किती फूट, याची. पंचेचाळीसला धोका!

मी अर्धवेळ शाळेत शिकवते. सांगली कशासाठी प्रसिद्ध, म्हटलं की वर्ग एका सुरात ओरडतो, "हळद!" पण क्लासेसचं पेव फुटलंय असं सहज म्हणणाऱ्या या मुलांपैकी एकानंही पेव पाहिलेलं नाही.

पेवं असायची सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तोंड अरुंद, आत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा. तिथली मातीच अशी की ओल झिरपत नाही. आतून सारवून, पाल्याचा थर देऊन हळकुंडं भरायची नि तोंड मातीनं बंद करायचं. किडीची बात नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही. आत प्राणवायू नसतो. काही तास तोंड उघडं ठेवून, कंदील सोडून बघायचं. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. बँकेतल्या ठेवीसारखीच ती हळद. भाव आला की काढायची.

मामंजींनी वन्संच्या लग्नासाठी दोन वर्षांची हळद अशीच राखून ठेवली होती. 2005 चा पूर आला. पाणी ओसरल्यावर पेव उघडलं तर आत नुसता कुजलेला चिखल! लग्न ठरल्या तारखेलाच झालं, पण सासूबाईंच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. हरिपुरातली कितीतरी पेवं त्या पुरात अशी बसली.

2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. माल आता गोदामात नि शीतगृहात जातो. भाडं पडतं, पण पावती मिळते, विमा उतरवता येतो. मला हे बरं वाटतं. सासूबाई म्हणतात, "पेवातल्या हळदीचा रंग तो नव्हेच."

पुढच्याच वर्षी, 2019 च्या ऑगस्टात, पाणी 57 फुटांवर गेलं. आमचं स्वयंपाकघर बुडालं. तेव्हापासून घरात एकच विषय आहे. हे म्हणतात, विश्रामबागेत जागा बघू. सासूबाई म्हणतात, "गणपतीचं देऊळ इथं, चार माणसं इथं. तिकडं माझं कोण आहे?" मी पडले उतारावरची, माझं मत कुणी विचारायलाच नको. पण बहात्तराव्या वर्षी बाईला उंबरा बदलायला लावणं सोपं आहे का, सांगा बरं!

तूर्त तडजोड अशी आहे: मे संपला की गाद्या, धान्याचे डबे नि कागदपत्रं माळ्यावर. वर्षाची हळद मात्र सासूबाई स्वतःच्या हातानं पिशवीत बांधतात नि माझ्या आईकडे साताऱ्याला पाठवतात. दिवाळीला ती परत येते, सोबत कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन.