शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे

घोडेगावाहून छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडी अद्याप बसलेल्या औरंगाबादेस, जाणारी सडक वडाळा बहिरोबा आणि नेवासे फाटा मागे टाकून प्रवरासंगमाशी गोदावरी ओलांडते. एके काळी या नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल होता आणि पलीकडे मोगलाई लागत असे. त्या पलीकडच्या शहरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, आणि हद्दीची ती जुनी रेघ आम्हां नेवासे तालुक्यातील लोकांच्या मनातून जी पुसट झाली, ती पुष्कळ अंशी दुखण्याच्या वाटेने झाली असे मला वाटते; कारण जिल्ह्याचे ठाणे नगर जवळ असूनही, चिरफाडीची गोष्ट निघाली की ‘एकदा घाटीला दाखवा’, म्हणजे त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, हा सल्ला आमच्याकडे घरोघर ऐकू येतो.

माझे थोरले चुलते, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कासरे, वेसणी, म्होरक्या आणि घुंगरमाळा विकत आले. त्यांच्या उजव्या जांघेत फुगवटा येत होता. उभे राहिले, खोकले किंवा ओझे उचलले की तो दिसे आणि निजले की आत जाई. जागा अशी की बोलायचा संकोच, म्हणून धोतराच्या घोळाखाली त्यांनी तो वर्षानुवर्षे झाकून ठेवला, आणि भर बाजारात दोरखंडाची मोळी उतरवताना कळ येऊन ते मटकन खाली बसले तेव्हा कुठे घरात ती गोष्ट उघड झाली. गावातील डॉक्टरांनी हर्निया असल्याचे सांगून चिठ्ठी दिली, आणि ती घेऊन आम्ही घाटीच्या शल्यचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागात रुजू झालो.

अशा विद्यालयीन रुग्णालयाची रचना ज्याने पाहिली नाही त्याला तेथील गर्दी केवळ गोंधळ वाटेल. परंतु त्या गर्दीच्या तळाशी एक शिस्तशीर वहिवाट असते. शल्यचिकित्सा विभाग अनेक पथकांत, तेथील भाषेत युनिटांत, वाटलेला असतो. प्रत्येक युनिटाला एक प्रमुख प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली अन्य अध्यापक, आणि तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करणारे निवासी डॉक्टर असतात. आठवड्यातील एक वार त्या युनिटाच्या बाह्यरुग्ण तपासणीसाठी मुक्रर केलेला असतो, शस्त्रक्रियेचे वार निराळे असतात, आणि ज्या वारी रोग्याने प्रथम पाऊल टाकले त्या वाराच्या युनिटाचा तो होऊन राहतो. तपासणीपासून टाके निघेपर्यंत आणि त्यानंतरही त्याने त्याच वारी यायचे असते. खिडकीशी केसपेपर काढताना अण्णांच्या नावापुढे जो वार लिहिला गेला तो त्यांनी पुढे सणासुदीच्या तिथीसारखा ध्यानात ठेवला.

त्या दिवशी त्यांना प्रथम तपासले ते एका विद्यार्थ्याने. नुकती मिसरूड फुटलेला तो मुलगा स्टुलावर बसून त्यांची कैफियत अगदी सावकाश विचारीत होता, आणि त्याच्यानंतर निवासी डॉक्टरीणबाईंनी तेच सारे प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा रांगेतील एक गृहस्थ ‘हे शिकण्यासाठी आपल्याला बसवून ठेवतात’ असे पुटपुटले. शिकण्यासाठी बसवतात हे खरेच आहे. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जमशेदजी जीजीभाई रुग्णालय शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हापासून आपल्या इलाख्यात शिकवणे आणि बरे करणे ही दोन कामे एकत्र नांदत आली आहेत. परंतु या शिकण्यातून रोग्याचे काय साधते ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. फुगवटा दाबून, खोकायला लावून, उभे करून आणि निजवून पाहून झाल्यावर त्या विद्यार्थ्याने पाठ केलेल्या क्रमाप्रमाणे विचारले, “बाबा, लघवीला जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता?” अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग जे त्यांनी घरी, गावातील डॉक्टरांपाशी किंवा मजपाशी कधी काढले नव्हते ते सारे त्या परक्या पोराला सांगून टाकले. लघवी सुरू व्हायला फार वेळ लागे, धार बारीक झाली होती, आणि रात्री निम्मी झोप उठबस करण्यातच जाई.

प्राध्यापक आले, त्यांनी केसपेपरावरील ती ओळ वाचली, स्वतः तपासले, सोनोग्राफी करविली, आणि आम्ही शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला गेलो असताना तारीख न देण्याचा निर्णय दिला. प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे. कुंथण्याने पोटातील दाब वाढतो आणि बिडीच्या खोकल्यानेही तो वाढतो. ही दोन्ही कारणे तशीच ठेवून हर्निया शिवला तर भुलेनंतर लघवी तुंबण्याचे भय, आणि शिवलेली जागा पुन्हा सैल पडण्याचेही भय. तेव्हा आधी गोळ्या घ्याव्यात, बिडी पूर्ण बंद करावी, आणि दर काही आठवड्यांनी याच वारी यावे. त्याबरोबर एक निक्षून ताकीद होती: फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजून वाराची वाट न पाहता, रात्र असो की दिवस, थेट अपघात विभागात यायचे. शल्यचिकित्सकाची थोरवी आपण त्याच्या सुरीत शोधतो. मला मात्र ती त्या दिवशी सुरी खाली ठेवण्यात दिसली, आणि हा विवेक शस्त्रक्रियागृहात नव्हे तर बाह्यरुग्ण विभागाच्या त्या गजबजलेल्या खोलीतच चालवावा लागतो.

या प्रतीक्षेच्या काळात एक अपूर्व प्रसंग घडला. विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षा आल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी अण्णांना परीक्षेची केस म्हणून येण्याविषयी विचारले. परगावचे परीक्षक येतात, उमेदवाराला रोग्यापाशी ठरावीक वेळ देतात, आणि मग जाबसाल घेतात. अण्णांनी धुतलेले धोतर नेसून, दाढी करून ती हजेरी लावली. रोगाचे नाव उमेदवाराला सांगायचे नाही, मात्र विचारील त्याचे खरे उत्तर द्यायचे, एवढे त्यांना बजावले होते, आणि ते त्यांनी कसोशीने पाळले. ज्या व्याधीची त्यांना आजवर लाज वाटली तिचे तपशील आपल्या तोंडून ऐकून कोणी डॉक्टर होतो, ही जाणीव त्यांच्या ठिकाणी मला परतीच्या एस.टी.त स्पष्ट दिसली. वाळूज येईपर्यंत ते त्या मुलाने काय काय विचारले हेच सांगत होते. त्यानंतर गावातही ते आपल्या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलू लागले.

पुढे धार सुधारली, बिडी सुटली, रक्त, छातीचा फोटो, ई.सी.जी. आणि भुलेच्या डॉक्टरांची संमती असे सारे सोपस्कार पार पडून, कमरेखालचे अंग बधिर करून, जाळी बसवून शस्त्रक्रिया झाली. तीविषयी सांगण्याजोगे फारसे नाही, कारण ती सुरळीत झाली.

सांगण्याजोगे आहे ते त्यानंतरचे. जखम पाहणे, टाके काढणे, ओझे उचलण्याची बंदी किती दिवसांची हे ठरवणे, आणि बरे वाटू लागलेल्या रोग्याला ती पाळायला लावणे, हे सगळे त्याच वारी, त्याच खोलीत झाले. केसपेपर इंग्रजीत लिहिण्याची जी रीत आपल्याकडे सर्वत्र आहे तिने शेतकऱ्याची फार अडचण होते, असे माझे मत आहे. दुखण्याचा मालक तो, आणि दप्तर मात्र त्याला वाचता न येणारे. डॉक्टरीणबाईंना मी हे बोलून दाखवताच त्यांनी कागदाच्या पाठीवर वळणदार मराठीत लिहून दिले, की कांद्याची गोणी उचलू नये, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, गोळ्या बंद करू नयेत, आणि जखम लाल झाली, पू आला किंवा ताप आला तर लगेच यावे. त्या कागदामुळेच गावच्या दवाखान्यातील परिचारिकेलाही मलमपट्टीच्या वेळी काय पाहायचे ते कळले, आणि प्रत्येक लहान कामासाठी नदी ओलांडून जाण्याचा खर्च व खाडा वाचला.

शेवटच्या तपासणीला त्या बाई नव्हत्या. अभ्यासक्रम पुरा करून त्या गेल्या होत्या. नव्या निवासी डॉक्टरांनी जुना केसपेपर पहिल्या ओळीपासून वाचला, अण्णांना उभे करून खोकायला लावले, डावी बाजूही तपासली, आणि तिकडे कधी फुगवटा दिसला तर याच वारी यायला सांगितले. अण्णांना स्वतःसाठी पुन्हा जावे लागले नाही. बाजारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्याचा तसाच लपवलेला फुगवटा त्यांनी बोलता बोलता काढून घेतला, आणि ‘लघवीचंही सांगायचं, ते पोरगं विचारील तेव्हा लाजायचं नाही’ एवढे बजावून, त्याला पहाटेच्या गाडीने ते स्वतः खिडकीपर्यंत घेऊन गेले.