ऐकणं

जुना करार हिब्रूतून शिकवताना ‘शमा’ (ऐकणं) या क्रियापदाशी माझे विद्यार्थी कधी अडखळत नाहीत. त्याचा अर्थ मराठीतही आहे. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ म्हणणारी आई काही त्याच्या कानांबद्दल बोलत नसते. हिब्रूतही तसंच: ऐकलं म्हणजे तसं वागलं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला ‘ऐक’ म्हटलंय आणि लगेच त्याच्या जागा आणि वेळा सांगितल्यात. घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. दाराच्या चौकटीवरसुद्धा.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी पिढ्यानपिढ्या हिब्रू ग्रंथ हाती नसताना याच ‘ऐक’ची ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ ठेवली आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला. गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. वाचायला पान नव्हतं, ऐकणं मात्र चालू होतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षभरात बायबल पुरं करण्याची रीत आहे. ११८९ अध्याय, रोज तीन-सव्वातीन. मीही केलंय, त्यानं सगळा पट ध्यानात येतो. पण जानेवारीच्या अखेरीस ‘लेवीय’ हे पुस्तक लागतं आणि लोक ते उरकून टाकतात. पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ म्हणून येणारं मूळ क्रियापद यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि पारव्याच्या घुमण्यासाठी आलंय. वचन ओठांत घोळवायचं असतं. तीन अध्याय एका बैठकीत घोळवता येत नाहीत.

म्हणून नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर घरसभेत आम्ही एकच गोष्ट घेतली. लेवीय १९:१३: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नये. जोडीला अनुवाद २४:१५: सूर्य मावळायच्या आत द्यावी. तिथे कारणही दिलंय, की मजूर आपला ‘नेफेश’ त्या मजुरीकडे उचलून धरतो. नेफेश म्हणजे जीव. मी समजावलं, ‘त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो.’

भिंतीला टेकून एक बाई बसल्या होत्या, दिवसभर कांदा खुरपून आलेल्या. म्हणाल्या, ‘अडकलेला न्हाई सर, टांगलेला असतो. बाजाराच्या दिसापतोर.’

ज्यांच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, त्या शेतकऱ्यांकडे मजुरी आठवडे बाजारालाच मिळते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी दहा तारखेला पैसे देत असे. माझा पगार एक तारखेला जमा होत असूनही.

त्या बाईंचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मूळ हिब्रूच्या जवळचा आहे, आणि मी वर्गात आता तोच सांगतो. असाच साधा शब्द शोधत पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या मराठीत अख्खं बायबल आणलं, ते शाळेत न गेलेल्या बायकांना कळावं म्हणून. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. असं भाषांतर भाविकतेनं कपाटात ठेवून दिलं, तर त्या कष्टांचा मान राखला असं मला म्हणवत नाही.

अनुवादाचा २४वा अध्याय आज मोठ्यानं वाचा. पंधराव्या वचनापाशी थांबा. घरी कामाला येणाऱ्या कुणाचे पैसे राहिले असतील, तर सोळावं वचन उद्या वाचा. आधी ते पैसे देऊन या.